लाल वाइनमधली रानफळे

झिनफँडेलच्या बाटलीमागचा मजकूर वाचून अनेक जण विचारतात, यात ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी घातली आहे का? शंका रास्त आहे. बाजारातली फळांच्या चवीची बहुतेक पेये इसेन्स मिसळूनच बनतात. पण द्राक्षांपासून रीतसर केलेल्या वाइनमध्ये दुसरे फळ नसते आणि इसेन्सही नसतो. फ्लेवर्ड वाइन हा निराळा प्रकार आहे आणि तो तसा सांगूनच विकला जातो. तरीही पेला नाकाशी नेला की पिकून काळ्या पडलेल्या रानफळांचा वास येतो, आणि तो भास नसतो.

या वासाची सुरुवात यीस्टपासून होते. शिराझ किंवा झिनफँडेलची द्राक्षे वेलीवरून तोडून खाल्ली तर गर गोड लागतो, साल तुरट लागते. ब्लॅकबेरीची आठवण क्वचितच होते. रस आंबू लागला की यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि त्याच धामधुमीत आम्ले व अल्कोहोल यांच्या जोड्या जमून एस्टर नावाची संयुगे तयार होतात. पिकलेल्या फळाच्या ओळखीच्या वासात या एस्टरांचा मोठा वाटा असतो. स्ट्रॉबेरीत आढळणारे काही एस्टर लाल वाइनमध्येही आढळतात, त्यामुळे स्ट्रॉबेरी आठवणे साहजिकच आहे. फ्रान्समधील बोर्दो इथल्या संशोधकांनी स्थानिक लाल वाइनवर काम करून दाखवले की एस्टरांचे परस्परप्रमाण थोडे बदलले तरी वासाचा कल तांबड्या बेरीकडून काळ्या बेरीकडे किंवा उलट सरकतो. ब्लॅकबेरीचा वास एकट्यादुकट्या रेणूचे काम नाही. पुष्कळ रेणू मिळून तो उभा करतात.

द्राक्षही आपला वाटा देतेच. गाजराला केशरी रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड गटातली द्रव्ये द्राक्षाच्या सालीत असतात. द्राक्ष पिकताना ती मोडतात आणि त्यांतून बीटा-डॅमॅसिनोन व बीटा-आयोनोन ही संयुगे येतात. पहिले गुलाबाच्या तेलातही असते. लाल वाइनमध्ये ते स्वतः फारसे पुढे येत नाही, पण फळांचा वास ठळक करते आणि ढोबळ्या मिरचीसारखा कच्चा वास मागे सारते. दुसरे व्हायोलेटच्या फुलात आणि रास्पबेरीत सापडते. विलक्षण गोष्ट अशी की बीटा-आयोनोनचा वास सगळ्यांना सारखा येतच नाही. वास टिपणाऱ्या एका जनुकातल्या फरकामुळे काहींना तो स्वच्छ, फुलासारखा जाणवतो, तर काहींना जवळजवळ जाणवतच नाही. एकाच टेबलावर बसलेल्या दोघांपैकी एकाला रास्पबेरी सापडली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघेही प्रामाणिक असू शकतात.

रानफळांचा वास ओळखायला शिकायचे असेल तर झिनफँडेलपासून सुरुवात करावी. या वाणाचा घड एकसारखा पिकत नाही. तोडणीच्या वेळी एकाच घडात काही मणी हिरवट, काही नेमके पिकलेले आणि काही सुकून बेदाण्याच्या वाटेला लागलेले दिसतात. बागायतदाराला याचा त्रास होतो, पण वाइनला त्यातूनच रंगत येते: हिरवट मण्यांचा आंबटपणा, पिकलेल्यांची ताजी बेरी आणि सुकलेल्यांचा जॅमसारखा दाटपणा एकाच पेल्यात उतरतो. कॅलिफोर्नियाच्या थंड भागांतल्या झिनफँडेलमध्ये रास्पबेरी पुढे असते, उष्ण भागांतल्या झिनफँडेलमध्ये ब्लॅकबेरी.

कॅलिफोर्नियात हे वाण सोन्याच्या शोधात माणसे लोटली त्या काळापासून, म्हणजे १८५० च्या दशकापासून लावले जात होते. ते मुळात कुठले, हे मात्र दीर्घकाळ गूढच होते. अखेर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञ कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियाचे इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांनी एड्रियाटिक समुद्रकाठच्या जुन्या बागा धुंडाळल्या. २००१ मध्ये स्प्लिट शहराजवळच्या काश्तेल नोवी इथल्या बागेतली वेल डीएनए चाचणीत झिनफँडेलशी तंतोतंत जुळली. तिथे तिला त्स्रल्येनाक काश्तेलान्स्की म्हणतात. इटलीच्या दक्षिणेतले प्रिमितिवो हेही तेच वाण. त्यामुळे प्रिमितिवो आणि झिनफँडेल शेजारी ठेवून चाखण्यात वेगळाच आनंद असतो. वेल एकच असते, माती आणि हवा बदलली की फळांचा वास किती बदलतो, ते कळते.

नाशिकशी या वाणाचे नाते कॅलिफोर्नियामार्गेच जुळले. तिथे शिकून आणि नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला सुला वाइनयार्ड्स उभी केली आणि २००० मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली. त्यांच्या सुरुवातीच्या वाणांत झिनफँडेलही होते. आपल्याकडची वेल युरोपातल्यासारखी हिवाळाभर झोपत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. मणी थंडीत भरतात आणि वाइनद्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उरकते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की साखर चढते आणि आम्लही टिकते. ताज्या फळाचा वास खुलायला हे आम्ल लागतेच. फेब्रुवारी सरताना ऊन तापू लागले की ते भराभर घसरते आणि बेरीचा वास जॅमकडे झुकतो. तोडणीचा दिवस ठरवणे म्हणूनच फार जोखमीचे काम आहे.

वास घेताना डोळे मध्ये येतात, हेही शास्त्रज्ञांनी तपासले आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली गेली. तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. या प्रयोगाचा दाखला देऊन वाइनचे वास म्हणजे थोतांड, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते बरोबर नाही. रंग दिसताच मन त्या रंगाची फळे शोधू लागते, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्यावर उपायही सोपा आहे: डोळे मिटून वास घ्यावा आणि पेल्यात कोणती वाइन आहे हे दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्यावे.

डेव्हिसमध्येच अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे चक्र प्रसिद्ध केले. मधल्या वर्तुळात 'फळ', त्याबाहेर 'बेरी', त्याबाहेर ब्लॅकबेरी, रास्पबेरी, स्ट्रॉबेरी, ब्लॅककरंट अशी त्याची रचना आहे. 'उमदी' किंवा 'भारदस्त' अशा मोघम विशेषणांना त्यात जागा नाही. चक्रापेक्षाही उपयोगी आहे ती त्यांची शिकवण्याची रीत. साध्या, फारसा वास नसलेल्या वाइनमध्ये खरे फळ किंवा त्याचा जॅम थोडा मिसळायचा, झाकून ठेवायचा, हुंगायचा आणि मग तपासायच्या वाइनकडे वळायचे. बेरीची ओळख अशी फळापासून व्हायला हवी. ज्याने ब्लॅकबेरी कधी खाल्लीच नाही, त्याला ती पेल्यात कशी सापडणार?

महाराष्ट्रातल्या घरात ही रीत सहज वापरता येते. फळे मात्र आपली घ्यावीत. पिकलेले करवंद, जांभूळ, तुती आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एवढी पुरतात. स्ट्रॉबेरी थंडीत येते, करवंदे आणि जांभळे उन्हाळ्याच्या अखेरीला, म्हणून गर काढून फ्रीझरमध्ये ठेवावा. नाशिकची शिराझ चाखून तिच्यात जांभूळ शोधणे अजिबात वावगे नाही. जांभळाला जांभळा करणारी अँथोसायनिन रंगद्रव्ये द्राक्षाच्या सालीतही असतात, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळली जाते तशीच ती शिराझच्या टॅनिनने आवळली जाते. वास, रंग आणि तुरटपणा असे तीन धागे जुळल्यामुळे मराठी माणसाला ही वाइन रास्पबेरीपेक्षा जांभळाच्या खुणेने लवकर उमगेल.

वाइन कोणत्या तापमानाला ओतली आहे, यावर बरेच अवलंबून असते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. एप्रिलमध्ये पुण्या-नागपूरच्या खोलीत ती तशीच ओतली तर नाकाला आधी अल्कोहोलच झोंबते आणि बेरी मागे राहते. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी. पेला तृतीयांशच भरावा, हलके फिरवावा आणि छोटे छोटे वास घ्यावेत. मग घोट तोंडात घोळवून गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातले बरेच काही घशामागून नाकाकडे जाणाऱ्या या हवेतून कळते. वाइन कोरडी, म्हणजे बिनसाखरेची असली तरी या क्षणी ती गोडसर भासते, कारण अशा वासाची फळे आपण गोड म्हणूनच खात आलो आहोत. साखर आहे की नाही हे पाहायचे असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्यावा.

आठ-दहा फळांची यादी लगेच म्हणता आली नाही तर हिरमुसू नये. ऑस्ट्रेलियात डेव्हिड लेंग यांनी केलेल्या प्रयोगांत मिश्रणातले तीन-चार वासच माणसाला वेगळे ओळखता आले, आणि सराव असलेल्यांचीही मजल फारशी पुढे गेली नाही. आधी तांबडे फळ की काळे, मग ताजे की शिजवलेले, एवढे दोन प्रश्न सुटले तरी पुष्कळ झाले.

ताज्या बेरीचा वास टिकाऊ नसतो. बाटलीत काळ जातो तसे काही एस्टर मोडत जातात आणि बेरीच्या जागी मनुका, अंजीर, पुढे चामडे असे वास येतात. त्यांचेही चाहते आहेत, पण रानफळांसाठी वाइन घ्यायची असेल तर बाटलीवरचे तोडणीचे वर्ष पाहून दोन-तीन वर्षांच्या आतली घ्यावी, आणि दुकानात उन्हाच्या झळा लागलेल्या फडताळावरची टाळावी. उघडलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर हा वास दोन दिवस तग धरतो.