औषधाची जबाबदारी वावरापासून

औषध उद्योगाच्या पर्यावरणीय आणि सामाजिक जबाबदारीचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोनच ठिकाणी जाऊन थांबते. एक म्हणजे कारखान्याचे सांडपाणी आणि दुसरे म्हणजे सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून बांधलेली शाळेची खोली किंवा दिलेली रुग्णवाहिका. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण कच्चा माल कारखान्यात पोहोचण्याआधी तो कुणी, किती पाणी-सरपण खर्चून आणि कोणत्या भावाने दिला, हा प्रश्न त्यांत येत नाही. तो विचारायला हिंगोलीसारखा दुसरा जिल्हा नाही. 1999 मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला औषधनिर्मितीसाठी कुणी ओळखत नाही, हळदीसाठी मात्र देश ओळखतो. हिंगोलीचा संत नामदेव हळद बाजार आणि याच जिल्ह्यातल्या वसमतचा मोंढा व्यापाऱ्यांना पाठ आहेत. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि वसमतलाच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे. हळदीतले कुरकुमीन जगभरच्या गोळ्या-कॅप्सूलमध्ये जाते. तेव्हा या उद्योगाच्या जबाबदारीचा हिशेब वावरापासून मांडला पाहिजे, आणि तसा तो मांडला तर पर्यावरणाचे आणि शेतकऱ्याचे हित एकाच सूत्रात बसते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हळदीवर हक्क कुणाचा, हा वाद एकदा गाजला आहे. मार्च 1995 मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. 1996 मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. परिषदेने त्या वर्षी या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले तसेच आधुनिक शोधनिबंधांतले मिळून 32 दाखले पुढे ठेवले. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट कार्यालयाने सगळे दावे फेटाळले. विजय मोठा होता, पण त्याचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. हे ज्ञान आधीपासून सर्वांचे आहे, म्हणून त्यावर कुणाची मक्तेदारी नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. मक्तेदारी गेली, पण हळद पिकवणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडले नाही.

वाटा मिळण्याची सोय 2002 च्या जैवविविधता कायद्याने केली. जैविक संसाधनांतून व्यापारी नफा कमावणाऱ्याने त्याचा काही भाग संसाधन जपणाऱ्यांना द्यावा, हे त्यामागचे तत्त्व. भारतीय कंपन्यांनाही हे बंधन लागू आहे, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात स्पष्ट केले. 2014 च्या नियमावलीत विक्रीवर आधारलेला हा वाटा 0.1 ते 0.5 टक्क्यांच्या दरम्यान होता. मात्र नेहमीच्या व्यापारातल्या शेतमालाला वगळण्याची तरतूद कायद्यात पहिल्यापासून होती आणि 2023 च्या दुरुस्तीने लागवडीखालच्या औषधी वनस्पतींनाही मोकळीक दिली. या सवलतीमागे पर्यावरणाचा एक विचार आहे आणि तो चुकीचा नाही. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य सापडते. त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात आणि त्यापायी जंगलातली झाडे बेसुमार तोडली गेली. लागवड वाढली तर जंगलावरचा ताण कमी होतो, म्हणून तिला कागदपत्रांच्या जाचातून सोडवणे योग्यच. पण याचा परिणाम असा, की हिंगोलीच्या हळदीचे अर्क विकणाऱ्या कंपनीकडून कायदा लाभाच्या वाट्याबद्दल फारसे काही मागत नाही. कायद्याने मागितलेले देणे हे केवळ पालन झाले, जबाबदारीची खरी परीक्षा कायदा जिथे गप्प बसतो तिथे होते.

ती जबाबदारी कशी पार पाडायची, याचे उत्तर हळदीच्या रसायनशास्त्रात आहे. वाळलेल्या हळदीत कुरकुमीन आणि त्याची भावंडे मिळून साधारण दोन ते पाच टक्के असतात. हे प्रमाण वाण, जमीन, हवामान आणि काढणीनंतरची प्रक्रिया यांवर ठरते. एक किलो कुरकुमीन काढायचे तर पाच टक्क्यांची हळद हिशेबाने किमान 20 किलो लागेल, दोन टक्क्यांची 50 किलो. म्हणजे हलक्या मालासाठी वाहतूक, दळण, उरणारा चोथा आणि अ‍ॅसिटोन किंवा इथाइल अ‍ॅसिटेटसारखी द्रावके, सगळेच अडीच पटीच्या आसपास जाते. द्रावक पुन्हा वापरता येते हे खरे, पण ते परत मिळवायला ऊर्जा लागते आणि दर फेरीत थोडे हवेत किंवा सांडपाण्यात निसटतेच. त्यामुळे कुरकुमीनने समृद्ध हळद हा प्रदूषण कमी करण्याचा पहिला उपाय आहे, आणि तो कारखान्यात नव्हे, वावरात करायचा आहे. शेतकऱ्याने तो करावा असे वाटत असेल तर भावानेही तसे सांगितले पाहिजे. लिलावात मात्र हळकुंडाची लांबी-जाडी, पॉलिश, रंग आणि ओलावा यांनाच मुख्य महत्त्व मिळते. नुसत्या दिसण्यावर भाव ठरला की काय होते, हे बांगलादेशात दिसले. हळद अधिक पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी रंगद्रव्य लावले जात असल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उघड झाले. तपासणी आणि कारवाई कडक केल्यावर दोन वर्षांत ती भेसळ जवळपास संपली. वरवरचा रंग फसवू शकतो. दळलेल्या नमुन्यातले कुरकुमीन मात्र वर्णपटमापकाने मोजता येते, कारण ते 425 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषते. ही तपासणी बाजार समितीच्या आवाक्याबाहेरची नाही. शिवाय केवळ अर्कासाठी माल हवा असेल तर हळद शिजवण्याऐवजी तिचे काप करून वाळवता येतात आणि शिजवण्याचे इंधन वाचते. पण असा माल लिलावात चालत नाही. खरेदीची हमी कंपनीने दिली तरच शेतकरी ही पद्धत धरेल.

यावर पहिला आक्षेप असा की संशोधनाचा धोका कंपनी पत्करते, मग नफ्यात शेतकऱ्याने वाटा का मागावा? धोका कंपनी घेते हे मान्य. पण मे-जूनमध्ये बेणे लावून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी करणारा शेतकरीही आठ-नऊ महिने पाऊस, कंदकूज आणि भावाची घसरण यांचा धोका घेतच असतो. शिवाय इथे मागणी दानाची नाही, गुणवत्तेच्या मोबदल्याची आहे. दुसरा आक्षेप सीएसआरचा. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलेच आहे, मग आणखी काय हवे? याचे उत्तर त्याच कायद्याखालच्या नियमांत आहे. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. याचाच अर्थ सीएसआर हा धंद्याच्या बाहेरचा खर्च आहे आणि धंदा कसा करावा या प्रश्नाचे उत्तर त्या दोन टक्क्यांत सापडणार नाही. तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. हजारो शेतकऱ्यांपैकी पैसे द्यायचे कुणाला? केरळमधल्या काणी आदिवासींच्या ज्ञानावर आधारलेल्या ‘जीवनी’ या औषधाच्या स्वामित्वधनाचा निम्मा वाटा त्या समाजासाठी ठेवला गेला, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचवायला आधी न्यास उभारावा लागला. हळदीला एवढा खटाटोप नको. शेतकरी उत्पादक कंपनीशी करार करून, प्रत्येक लॉट तपासून, कुरकुमीनच्या टक्केवारीवर वाढीव भाव दिला की वाटा बरोबर ज्याच्या त्याच्या खात्यात जातो.

शेवटचा मुद्दा शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही रुचणार नाही. जबाबदारीत दाव्यांचा खरेपणाही येतो. कुरकुमीन शरीरात फार कमी शोषले जाते. 2017 मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आलेल्या आढाव्याने 120 हून अधिक चाचण्यांचा विचार करून त्याच्या औषधी गुणांबद्दल गंभीर शंका घेतली. शोषण वाढावे म्हणून मिऱ्यातले पायपेरीन त्यात मिसळतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासगटाने हळदीच्या पूरक गोळ्यांशी निगडित यकृतविकाराचे दहा रुग्ण नोंदवले आणि त्यांतला एक दगावला. स्वयंपाकातल्या हळदीला यातून भिण्याचे कारण नाही, पण अर्काची सघन मात्रा वेगळी असते. फुगवलेल्या दाव्यांवर वाढलेली मागणी पहिल्या इशाऱ्यासरशी कोसळते आणि तिचा फटका वसमतच्या शेतकऱ्याला बसतो. म्हणून खरे लेबल हे रुग्णाइतकेच शेतकऱ्याचेही संरक्षण आहे.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. कच्च्या मालापैकी किती टक्के लहान उत्पादकांकडून घेतला, हे त्यात लिहावे लागते. तो अहवाल सर्वांना खुला असतो. हळदीचा अर्क विकणाऱ्या कंपनीचे भागधारक, ग्राहक आणि हिंगोलीच्या शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी तो आकडा वाचावा आणि त्यापुढचा प्रश्नही विचारावा: हळद कुरकुमीन मोजून घेतली की नुसती रंग पाहून? या प्रश्नाचे उत्तर न देणाऱ्या कंपनीला जबाबदार म्हणू नये.