सुपरकॉम्प्युटरवर काम करायचंय? आधी मोबाईलवर शिका या ६ कमांड

पावसाच्या अंदाजासाठी लागणारी किचकट गणितं पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम संस्थेतल्या 'अर्का'सारख्या सुपरकॉम्प्युटरवर होतात. असे हजारो प्रोसेसर एकत्र जोडले की त्याला क्लस्टर म्हणतात. एमएस्सी, इंजिनिअरिंग करणारी आपली मुलं-मुली प्रोजेक्टसाठी अशा क्लस्टरवर जातात आणि पहिल्याच दिवशी अडतात. कारण तिथे बहुतेक काम माऊसने होत नाही, काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करावी लागते.

ही सिस्टीम म्हणजे लिनक्स. जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. आपला अँड्रॉइड मोबाईलही आतून लिनक्सवरच उभा आहे. म्हणून घरी कॉम्प्युटर नसला तरी 'टर्मक्स' हे मोफत अॅप टाकून सराव करता येतो.

या ६ कमांड पाठ करा (इंग्रजी लहान अक्षरांत टाईप करा. मोठं अक्षर चालत नाही.)

• पीडब्ल्यूडी : मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहे?
• एलएस : इथे काय काय आहे?
• एमकेडीआयआर : नवा फोल्डर बनवा. पुढे स्पेस देऊन नाव लिहा.
• सीडी : त्या फोल्डरमध्ये जा. मागे यायचं तर सीडी, स्पेस आणि दोन टिंबं.
• सीपी : फाईलची कॉपी करा. आधी जुनं नाव, मग नवं.
• आरएम : फाईल काढून टाका.

इथे जपून!

आरएम दिल्यावर फाईल कचरापेटीत जात नाही, थेट उडते. बहुतेक वेळा 'नक्की काढू का?' असंही विचारत नाही. सीपी करताना त्याच नावाची फाईल आधीच असेल तर जुनी पुसली जाते. वर्षभराचा डेटा एका चुकीच्या ओळीत जाऊ शकतो. म्हणून आधी पीडब्ल्यूडी, मग एलएस, आणि नीट बघूनच आरएम. महत्त्वाच्या फाईलची एक प्रत दुसरीकडे ठेवाच. मोबाईलवर शिकताना टर्मक्सला स्टोरेजची परवानगी देऊ नका, म्हणजे घरचे फोटो सुरक्षित राहतील.

क्लस्टरवर नंबर लावावा लागतो

लॉगिन केल्यावर आपण 'लॉगिन नोड'वर असतो. ती जागा चावडीसारखी, सगळ्यांची. तिथेच मोठं गणित चालू केलं तर सगळ्यांचं काम रखडतं आणि अॅडमिन तुमचं काम बंद करू शकतो. किती प्रोसेसर हवेत, किती तास हवेत हे एका फाईलमध्ये लिहायचं आणि नंबर लावायचा. अनेक क्लस्टरवर 'स्लर्म' हे सॉफ्टवेअर असतं. तिथे 'एसबॅच' कमांडने नंबर लागतो, 'एसक्यू'ने काम कुठवर आलं ते दिसतं. या दोन कमांड मोबाईलवर चालणार नाहीत, पण वरच्या ६ हातात बसल्या की त्या लवकर जमतात.

रोज १५ मिनिटं दिली तरी पुण्याला जाण्याआधी हात बसेल. घरात कोणी शिकत असेल तर त्यांना ही माहिती जरूर पाठवा.