स्थिर कागदावरील गति

चित्रकलेचा ओनामा म्हणजे पुढ्यांतील वस्तूची हुबेहूब नक्कल, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. जर्मनींतील वायमार येथें वाल्टर ग्रोपियस यांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या ‘बाउहाउस’ शाळेंत मात्र ओनामा निराळा होता. तेथील आरंभीच्या वर्गाचे शिक्षक योहानेस इटेन हे विद्यार्थ्यांकडून प्रथम अंगाचे व श्वासाचे व्यायाम करून घेत. ज्याला गति अंगांत जाणवली नाहीं, त्याला ती रेषेंत कोठून साधणार? जुन्या नामांकित चित्रांतील हालचालीच्या रेषा शोधावयासहि ते लावीत. त्यांच्या, तसेंच क्ले व कांडिन्स्की यांच्या कृति १९२२ सालीं कलकत्त्याच्या प्रदर्शनांत आल्या होत्या.

हा विषय वाचून कळत नाहीं, हातानें कळतो. पांढऱ्या चौरस कागदावर काळ्या कागदाचे चार सारखे चौकोन ठेवून पाहावे. ओळीनें मांडले तर ते निजल्यासारखे दिसतात. एक तिरपा करून कडेशीं नेला, कीं तो आतां निसटेल असें वाटतें. दुसरा अर्धा कापून कडेला भिडविला, तर तो बाहेरून आंत येतोसा भासतो. उरलेली पांढरी जागाहि मग रिकामी राहत नाहीं; तीच ओढते, ढकलते. आमच्या मतें खरा धडा हाच. ठिपक्यांच्या रांगोळीवर वाढलेल्या डोळ्यांना समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, एवढेंच ठाऊक असतें. येथें वरच्या कोपऱ्यांतील एकटा तुकडा खालच्या तिघांना तोलून धरतो.

घरांतील मूल असे तुकडे सरकवीत बसलें, तर वडील मंडळींनीं ‘हें कसलें चित्र?’ असें न विचारतां ‘यांतला कोणता हलतो?’ एवढें विचारून पाहावें.