स्टॅम्प पेपर खरा की खोटा? फोनवर काय तपासता येतं, काय नाही

रूमचा करार असो की गावाकडच्या शेतीची इसार पावती, स्टॅम्प पेपर लागतोच. परभणी, जिंतूर, गंगाखेडचे मित्र त्याचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून विचारतात, "भावा, ओरिजिनल आहे का बघ ना." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असलो तरी फोटोवरून हे सांगता येत नाही. का, ते बघू.

दिसण्यावर जाऊ नका

अब्दुल करीम तेलगीचा घोटाळा आठवा. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये सरकारी स्टॅम्प पेपर आणि पोस्टाची तिकिटं छापतात. तिथून भंगारात निघालेली यंत्रं मिळवून त्याने स्टॅम्प पेपर छापले आणि बँका, विमा कंपन्यांपर्यंत विकले. त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. बँकांना ओळखता आलं नाही, तर आपण फोटोवरून काय ओळखणार?

दुकानदार यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवत नाही, साउंडबॉक्स वाजायची वाट बघतो. इथेही तसंच आहे. कागद म्हणजे स्क्रीनशॉट. खरा पुरावा सरकारी नोंदीत असतो.

ई-चलन असेल तर

ग्रास या शासकीय वेबसाइटवर मुद्रांक शुल्क भरलं की 'एमएच'ने सुरू होणारा जीआरएन नंबर मिळतो.

१. ग्रासचा पत्ता स्वतः टाइप करा. कागदावरच्या क्यूआर कोडने उघडलेली साइट बनावट असू शकते.
२. जीआरएन टाकून चलन शोधा.
३. नाव, रक्कम आणि तारीख कागदाशी जुळवा. नुसता नंबर सापडला म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्याच्या चलनाची झेरॉक्सही तोच नंबर दाखवते.
४. चलन 'डिफेस' झालंय का विचारा. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक कार्यालयात तो नंबर वापरला गेल्याची खूण होते. मग तेच चलन दुसऱ्या दस्ताला चालत नाही.

छापील स्टॅम्प पेपर असेल तर

इथे फोन फारसा कामाचा नाही. हे बघा:

• मागच्या बाजूला विक्रेत्याची सही-शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव हवं. विक्रेत्याच्या रजिस्टरमध्येही तीच नोंद असते.
• पेपर करारातल्या एका पक्षाच्याच नावाने घेतलेला हवा. एजंटाच्या नावाचा चालत नाही.
• खरेदीपासून ६ महिन्यांत वापरला नाही तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार तो बाद होतो. "जुन्या तारखेचा देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

शंका आली तर मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

भुर्दंड कुणाला?

ब्रिटनमध्ये रॉयल मेलने २०२२ पासून रोजच्या वापरातल्या तिकिटांवर बारकोड आणला. तिकीट बनावट ठरलं की ५ पौंडांचा दंड पत्र घेणाऱ्याकडून मागायचे. तिकीट लावलं दुसऱ्याने, पैसे गेले याचे! तक्रारी वाढल्यावर २०२४ मध्ये ही वसुली थांबवली.

आपल्याकडेही भोगतो तो कागद हातात असलेला माणूस. पुरेसं शुल्क न भरलेला दस्त कोर्ट पुरावा म्हणून घेत नाही. तो चालवायचा तर बुडालेलं शुल्क, वर दरमहा २ टक्के दंड भरावा लागतो. दंडाची कमाल मर्यादा शुल्काच्या चौपट. समजा ४०,००० रुपये शुल्क सरकारजमा झालंच नाही आणि ५ वर्षांनी कळलं. ६० महिन्यांचे १२० टक्के म्हणजे दंड ४८,०००, एकूण ८८,०००. मधल्या काळात एजंटाचा फोन बंद! शिवाय स्टॅम्प बनावट आहे हे माहीत असून वापरणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गंभीर गुन्हा आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट: जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प आला, तरी ही माफी कायम आहे. कुणी मागितलाच तर आधी नियम विचारा.

बाकी व्यवहारात सही करण्याआधी पाच मिनिटं काढा आणि नोंद तपासा. हा लेख घरच्यांनाही पाठवा, कारण जमिनीचे कागद बहुतेक वेळा त्यांच्याच कपाटात असतात.