एक पान, अनेक ब्राउझर

मे महिना सरत आला, की भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचे दिवस सुरू होतात. रात्री झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात आणि ते पाहावयास दूरदूरची माणसे येतात. हे दिवस मोजके. पावसाने जोर धरला, की संपले. अशा वेळी जलाशयाच्या काठी तंबू लावणाऱ्या एखाद्या गृहस्थाने नोंदणीसाठी संकेतस्थळ केले आहे, असे समजू. त्याच्या संगणकावर ते उत्तम चालते. पण गिऱ्हाईक फोन करून म्हणते, "अहो, बटण दाबले तरी काही होत नाही." गृहस्थ म्हणतो, "माझ्याकडे तर चालते आहे!" दोघेही खरेच बोलत असतात. मग चूक कोठे आहे, आणि ती शोधावी कशी? आज आपण त्याचाच विचार करणार आहोत.

संकेतस्थळाचे पान छापील कागदासारखे नसते. त्याच्या पोटात जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञा असतात आणि त्या वाचून पाळण्याचे काम वाचकाच्या यंत्रातील ब्राउझर करतो. ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी रचली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरसाठी तिची निराळी आवृत्ती काढली, आणि एकाच भाषेच्या दोन बोली झाल्या. १९९७ साली तिचे प्रमाण व्याकरण ठरले. तेव्हापासून मतभेद पुष्कळ कमी झाले, पण संपले नाहीत. क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स यांची अंतर्गत यंत्रे आजही वेगवेगळी आहेत. शिवाय प्रत्येकाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या लोकांच्या हाती असतात. आयफोनवर तर सफारीची नवी आवृत्ती फोनच्या मूळ प्रणालीबरोबर येते. फोन जुना झाला, की ब्राउझरही तेथेच थांबतो.

आता शोधाची रीत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्याशी येते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. शेवटच्या चारीवरच्या शेतात पाणी पोचले नाही, तर जाणता पाटकरी धरणाला दोष देत बसत नाही. पाणी कोठवर आले आहे, हे पाहत तो कालव्याच्या कडेने चालू लागतो. वर पाणी आहे आणि खाली नाही, अशी जागा सापडली, की बिघाडही सापडला.

आपणही तसेच करावे. प्रथम, ज्या फोनवर व ज्या आवृत्तीवर पान अडते, तेथेच ते अडवून पाहावे. ब्राउझरच्या तपासणीच्या साधनांत 'कन्सोल' नावाची जागा असते. चूक कोणत्या ओळीत झाली ते तेथे उमटते. फोन तारेने संगणकाला जोडूनही ती पाहता येते. मग पानातील भाग एकेक काढीत जावे. शेवटी ज्या चार ओळी उरतात, त्यांतच दोष असतो.

या दोषांचे तीन प्रकार नेहमी भेटतात.

पहिला व्याकरणाचा. जुन्या ब्राउझरला भाषेतील एखादे नवे चिन्ह कळले नाही, तर तो ती आज्ञांची संपूर्ण फाइलच नाकारतो. म्हणून त्या फाइलवर अवलंबून असलेले एकही बटण चालत नाही. यावर बेबलसारखे साधन वापरून आज्ञा जुन्या व्याकरणात उतरवून घ्याव्यात.

दुसरा सामर्थ्याचा. व्याकरण समजते, पण एखादे काम ब्राउझरला येत नाही. मग त्या जागेपर्यंत सारे चालते आणि तेथे अडते. अशा वेळी ब्राउझरला नाव विचारू नये. क्रोम आपली ओळख सांगताना मोझिला आणि सफारी ही नावेही घेतो! विचारावे ते एवढेच, की हे काम तुला येते का? येत नसेल, तर ते करून देणारी पूरक आज्ञावली जोडावी.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. आज्ञा समजते, काम होते; पण उत्तर वेगळे येते. तारीख प्रमाण पद्धतीने लिहिली, तर सर्वांनी ती सारखी वाचावी असा नियम आहे; इतर पद्धतींनी लिहिलेली तारीख कशी वाचावी, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले आहे. म्हणून एका ब्राउझरने स्वीकारलेली तारीख दुसरा अवैध ठरवू शकतो. इलाज सोपा आहे: प्रमाण रूपच वापरावे.

याच प्रकारातला एक दोष आपल्या भाषेशी निगडित आहे, म्हणून तो आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. संख्या 'स्थानिक रीतीने दाखव' एवढेच सांगितले, की ब्राउझर स्वतःची भाषा पाहतो. ती इंग्रजी असेल, तर इंग्रजी आकडे दाखवतो; मराठी असेल, तर १,२०० असे देवनागरी आकडे दाखवतो. येथवर छानच. पण कित्येकदा हाच दाखवलेला आकडा पानावरून परत उचलून त्याला तंबूंच्या संख्येने गुणतात. इंग्रजी स्वल्पविराम तेवढा काढून टाकण्याची तजवीज केलेली असते. देवनागरी आकड्यांची मात्र कोणाला आठवण नसते. जावास्क्रिप्टला ते आकडे संख्या म्हणून वाचता येत नाहीत. 'ही संख्या नव्हे' असे उत्तर येते आणि नोंदणी बुडते. ब्राउझर तोच, फोन तोच. अडला तो केवळ मराठी माणूस! हिशेबाची संख्या निराळी जपावी आणि दाखवण्याचा आकडा निराळा ठेवावा, एवढ्याने हा दोष जातो.

'माझ्याकडे चालते' हा पुरावा नव्हे, हे या साऱ्याचे सार. पान बाहेर सोडण्यापूर्वी एक जुना फोन, एक आयफोन आणि मराठीत ठेवलेला एक ब्राउझर, इतक्यांवर ते उघडून पाहावे. तासाभराचे काम आहे. काजव्यांचे दिवस मात्र वर्षातून एकदाच येतात.