एका एकवीस अंकी संख्येचे अवयव

सदुसष्ट दोन एकमेकांशी गुणून आलेल्या गुणाकारातून एक वजा केला, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या उरते. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली असे प्रतिपादन केले, की घात २५७ पर्यंत घेतला असता या घडणीच्या संख्या केवळ अकरा घातांसाठीच मूळ ठरतात, म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही. आणि त्या अकरांत ६७ हा घात होता. घात मूळ असला म्हणजे संख्याही मूळ असते, असे मात्र मुळीच नाही. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा जाता २०४७ उरतात आणि ते २३ व ८९ यांचा गुणाकार होत.

मर्सेनचा दावा सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. १८७६ साली एदुआर ल्युका या गणितज्ञाने दाखवून दिले, की ही एकवीस अंकी संख्या संयुक्त आहे. आणि येथेच गणिताचे खरे वैभव दृष्टीस पडते, कारण संख्येला अवयव आहेत हे त्याने निर्विवाद सिद्ध केले, तरी त्यांतला एकही अवयव त्याच्या हाती नव्हता. पुढे लेमर या गणितज्ञाने परिष्कृत केलेली त्याची रीत अशी: ४ पासून आरंभ करावा, वर्ग करून २ वजा करावेत, तपासायच्या संख्येने भागून शेष घ्यावा, हीच क्रिया पासष्ट वेळा करावी, आणि अखेरीस शून्य न उरल्यास संख्या संयुक्त असल्याचा निवाडा द्यावा. अस्तित्वाचे ज्ञान आणि वस्तूची प्राप्ती यांत केवढे अंतर असू शकते, याचा इतका निखळ दाखला मला अन्यत्र आढळलेला नाही.

ते अंतर कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी तोडले. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ ने भागता १ शेष ठेवतो, आणि ८ ने भागता १ किंवा ७. एवढी चाळणी लावूनही त्यांना सापडलेल्या अवयवापर्यंत सात लाखांहून अधिक उमेदवार शिल्लक राहतात. कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने ही गर्दी आणखी हटवली, आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव मांडले. त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला आणि सभागृहात टाळ्या झाल्या, असे सांगतात. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, त्या गुणाकाराला वकिलाची गरज नव्हती, हे निश्चित.

शोधायला अपार श्रम, पण खातरजमा करायला आठ आडव्या ओळी पुरेत. वाचकाने कागद घेऊन तो गुणाकार स्वतः एकवार अवश्य करून पाहावा.