डाग भिंतीवरचा, ओल भिंतीतली

कोकण किनाऱ्यावरच्या आणि मुंबईतल्या जुन्या घरांत भिंतीवर बुरशी धरली की तिचा दोष सहसा घरच्या साफसफाईवर किंवा रंगाऱ्याच्या हलक्या मालावर जातो, आणि उपायही त्याच दोन वाटांनी शोधले जातात: एकतर डाग पुसून काढायचा, नाहीतर वरून नवा रंग द्यायचा. वस्तुतः बुरशीचे बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवी बुरशी रुजते ते डोळ्यांना न दिसणारे कण, घरातल्या आणि बाहेरच्या हवेत बारमाही तरंगत असतात व कितीही झाडलोट केली तरी ते संपत नाहीत. रुजलेल्या बीजाणूला रंगातून, कागदातून, लाकडातून, चामड्यातून, एवढेच काय साध्या धुळीतूनही अन्न मिळते आणि ऊब तर या पट्ट्यात वर्षभर असतेच. तेव्हा माणसाच्या हाती राहते ते फक्त पाणी, आणि बुरशीचा प्रश्न हा मुळात पाण्याचा माग काढण्याचा प्रश्न आहे.

हे पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती वाफ आहे, या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात, आणि भिंतीच्या पृष्ठभागालगत ती दीर्घकाळ सुमारे ८० टक्क्यांच्या वर राहिली की भिंत हाताला कोरडी लागत असतानाही तिच्यावर बुरशी धरू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या बाहेरच्या हवेतच आर्द्रता बहुतेक वेळ याहून अधिक असते. म्हणूनच ‘खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे घर वाळेल’ हा थंड देशांत अगदी योग्य असलेला सल्ला इथे भर पावसाळ्यात फारसा लागू पडत नाही. थंड देशांत हिवाळ्यात बाहेरची हवा मुळात कमी वाफेची असते आणि घरात येऊन तापली की कोरडी होते. कोकणात मात्र उघड्या खिडकीतून वाफच आत येते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांत तयार होणारी वाफ बाहेर काढणारा पंखा उपयोगी ठरतो, पण छताचा पंखा हवेतील पाणी कमी करत नाही, केवळ हलवतो.

वातानुकूलन यंत्रामुळे या गणितात एक नवीच अडचण शिरली आहे. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम वाफ मावते, आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर प्रत्यक्षात ती सुमारे २३ ग्रॅम असते. २४ अंशांना मात्र हवेत २२ ग्रॅमपेक्षाही कमी वाफ मावते. अशी हवा २४ अंशांच्या भिंतीला टेकली की जास्तीची वाफ तिथेच पाणी होऊन उतरते, आणि ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. त्यामुळे ज्या खोलीत यंत्र चालते ती बरीच कोरडी राहते, पण तिच्या पलीकडच्या, यंत्र नसलेल्या खोलीत त्याच सामाईक भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटामागे काळसर ठिपके उमटतात आणि ते कपाट हलवीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाहीत. अशा ठिकाणी महागडा रंग व्यर्थ आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे आणि यंत्राचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवणे यांनीच पुष्कळ काम भागते.

कोकणातील जुन्या कौलारू घरांची रचना पाहिली तर तिच्या प्रत्येक भागाची पाण्याशी काहीतरी ठरलेली वागणूक होती असे दिसते. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात इतपत पुढे आलेले छप्पर, पडवी, उंच जोते, पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या पश्चिमेच्या अंगाला आगोटीच्या सुमारास बांधली जाणारी झावळ्यांची झापे, वाफ वर निघून जाऊ देणारी कौले, आणि आत अखंड पेटती चूल. भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्याच्या; हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी पितो, पण चुन्याच्या गिलाव्यातून ते पुन्हा बाहेर सोडूही शकतो. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला मानवत नाही. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची हळूहळू चुनखडी बनते आणि हा गुण ओसरतो. दरवर्षी चुन्याचा हात देण्याच्या रीतीला त्यामुळे शोभेपलीकडचाही अर्थ होता. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली या भिंतींवर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर धुता येणारा प्लॅस्टिक रंग चढला, पडव्या बंदिस्त झाल्या, चूल गेली, आणि आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. जुने घर ओलसर म्हणून हिणवले जाते खरे, पण त्याला कायमचे ओलसर करून ठेवण्यात बऱ्याचदा या नव्या मुलाम्याचाच हात असतो.

समुद्राजवळच्या घरांत आणखी एक गुंतागुंत असते ती मिठाची. खारे वारे, न धुतलेली किनाऱ्याची वाळू किंवा जमिनीतून वर चढणारे पाणी यांच्याबरोबर क्षार भिंतीत मुरतात. खाण्याचे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतली वाफ ओढून स्वतःच पाझरू लागते. मुरलेल्या मिठामुळे त्याच रीतीने छप्पर न गळताही भिंत पावसाळ्यात ओलावते, आणि हवा कोरडी झाली की तेच क्षार स्फटिकरूपाने पृष्ठभागावर येऊन गिलाव्याचे पोपडे काढतात. या पांढऱ्या फुलोऱ्याला लोणा म्हणतात आणि बुरशी समजून त्याच्यावर औषधे फवारली जातात. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे: पाण्याचा थेंब टाकल्यावर जो विरघळतो तो लोणा, आणि जी तशीच राहते किंवा पुसताना फरकटते ती बुरशी.

मुंबईतील चाळी आणि जुन्या इमारती यांची कथा निराळी आहे. भाडेनियंत्रणामुळे १९४७ नंतर भाडी जिथल्या तिथे गोठली, मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही, भाडेकरूला गच्ची किंवा बाहेरची भिंत आपली वाटली नाही, आणि मधल्या मजल्यावरच्या खोलीत उमटणाऱ्या डागाचे मूळ वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीत वा बाहेरून उतरणाऱ्या फुटक्या नळात राहिले. अशा खोलीत राहणाऱ्याला ‘घर हवेशीर ठेवा’ असे सांगणे थोडे क्रूरच आहे. दर मे महिन्यात गच्च्यांवर चढणाऱ्या निळ्या ताडपत्र्या कुरूप असल्या तरी त्या पाणी बाहेरच अडवतात, आणि आतून फासलेल्या जलरोधक रंगापेक्षा त्यांचे तर्कशास्त्र अधिक शुद्ध आहे. आतून अडवलेले पाणी भिंतीतच राहते आणि अधिक उंचीवर किंवा शेजारच्या कोपऱ्यात तोंड काढते.

पाण्याची वाट ओळखण्यासाठी डागाची जागा पुष्कळ काही सांगते. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा असेल तर पाणी केशाकर्षणाने, म्हणजे सूक्ष्म छिद्रांतून आपोआप वर खेचले जाऊन, पायातून येत असण्याचा संभव असतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातला डाग चौकटीच्या फटीकडे बोट दाखवतो, आणि छतावरचा तपकिरी कडेचा गोल डाग गळतीकडे. शंका राहिल्यास हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून दोन दिवसांनी पाहावा: दव खोलीच्या बाजूला असेल तर ते हवेतले, आणि प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला असेल तर भिंतीतले.

बुरशी काढताना ती कोरडी असताना खरवडणे ही सर्वांत मोठी चूक, कारण त्याने असंख्य बीजाणू खोलीभर उडतात. मास्क व हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने भिजवून, ओल्या फडक्याने ती टिपावी आणि जागा लगेच वाळवावी. ब्लीचने डाग फिका पडतो, पण सच्छिद्र गिलाव्यात खोल गेलेले कवकतंतू, म्हणजे बुरशीचे मुळांसारखे पसरणारे धागे, त्याने मरतीलच असे नाही. शिवाय आम्लयुक्त संडास-क्लीनरमध्ये ते मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर चुन्याच्या भिंतीवर वापरू नये, कारण आम्लाने चुनाच विरघळतो. कपाटातल्या डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीशी त्यांचे काही देणेघेणे नाही.

आरोग्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातील ओल व बुरशी यांचा दमा, ॲलर्जी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे म्हटले आहे, पण बुरशीची अमुक एक सुरक्षित मात्रा मात्र ठरवून दिलेली नाही; त्यामुळे कोणती बुरशी आहे याच्या चाचण्यांवर पैसा घालवण्यापेक्षा तो छपरावर घालवणे शहाणपणाचे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून धास्ती बसलेला म्युकरमायकोसिस प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर असलेल्या रुग्णांना जडला. भिंतीवरचे काळे ठिपके म्हणजे तो रोग नव्हे. तरीही दमेकरी, तान्ही मुले आणि प्रतिकारशक्ती खालावलेली माणसे यांना बुरशी धरलेल्या खोलीत झोपवू नये, आणि ती साफ करण्याचे काम तर त्यांना मुळीच देऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित बाब आहे ती दुरुस्तीच्या वेळेची. चाकरमानी गणपतीला गावी येतो, मे-जूनपासून बंद असलेले घर उघडतो आणि मूर्ती आणण्याआधी घाईने भिंतींना रंग काढतो, म्हणजे वर्षभरात भिंती सर्वांत ओल्या असतात नेमक्या त्याच दिवसांत. दिवाळीपर्यंत त्या रंगाला फुगे आलेले असतात. जाड भिंत वाळायला दर इंचाला सुमारे महिना लागतो असा जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीतला ढोबळ ठोकताळा आहे, आणि त्या हिशेबाने पंधरा इंची चिऱ्याच्या भिंतीला एक उन्हाळा पुरतच नाही. म्हणून कौले, पन्हळी व जोत्याभोवतीचा उतार यांची कामे फेब्रुवारी ते मे या काळात करावीत, खराब झालेला सिमेंटचा गिलावा त्याच वेळी काढून भिंत उघडी सोडावी, गणपतीपुरता साध्या चुन्याचा हात द्यावा, आणि चुन्याचा नवा गिलावा पुढच्या उन्हाळ्यात चढवावा.